फर्न कॅन्यनला पहिल्यांदा जाताय? मग हे आधी वाचा

पहिल्या वेळी मी उत्तर कॅलिफोर्नियातल्या फर्न कॅन्यन या घळीपर्यंत पोचलेच नाही. जुलैमधला शनिवार होता. आदल्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोहून सहा तास गाडी हाकून आम्ही युरेकाला मुक्काम केला होता. सकाळी डबे भरले, धुळीच्या रस्त्यावरून जपत गाडी उतरवली आणि चौकीवरच्या बाईंनी हसून विचारलं, "परमिट?" परमिट नव्हतं. मुळात परमिट लागतं हेच ठाऊक नव्हतं. त्यांनी तितक्याच हसतमुखानं गाडी वळवायची जागा दाखवली. मागच्या सीटवरून बाबा म्हणाले, "सगळा अभ्यास झालाय म्हणाली होतीस ना?" यावर काय बोलणार!

त्यानंतर मी तीनदा जाऊन आले. एकदा उन्हाळ्यात आई-बाबा आणि लेकाला घेऊन, एकदा एप्रिलमध्ये आणि एकदा जंगलातून पायी. आता ओळखीतलं कोणी तिकडे निघालं की फोन येतो आणि मी तेच ते सांगत बसते. म्हणून एकदाचं लिहून काढलं. घळीतली चाल अगदी सोपी आहे, सगळी मिळून मैलभराची. चुकतं ते सगळं घळीच्या तोंडाशी पोचायच्या आधी. त्यामुळे या लेखाचाही निम्म्याहून जास्त भाग घळीबाहेरच जाणार आहे.

ही घळ आहे तरी काय

उत्तर कॅलिफोर्नियात, हम्बोल्ट काउंटीत, ऑरिक नावाच्या चिमुकल्या गावाच्या वर प्रेअरी क्रीक रेडवुड्स स्टेट पार्क आहे. १९६८ साली रेडवुड नॅशनल पार्क झालं. आज ते आणि राज्याची तीन उद्यानं यांचा कारभार एकत्र चालतो, आणि हा सगळा पट्टा १९८० पासून जागतिक वारसा यादीत आहे. त्याच्याही कितीतरी आधीपासून ही युरोक या मूळ अमेरिकी जमातीची भूमी आहे.

प्रेअरी क्रीकची पश्चिमेची कड थेट पॅसिफिकला भिडते. तिथे गोल्ड ब्लफ्स नावाचा लांबलचक वाळूचा किनारा आहे आणि त्याच्या पाठीशी उभे कडे. होम क्रीक नावाच्या ओढ्यानं या कड्यांना उभी चीर पाडली आहे, तीच फर्न कॅन्यन. दोन्ही बाजूंना साधारण ५० फूट उंचीच्या भिंती, आणि त्या खालपासून वरपर्यंत नेच्यांनी, म्हणजे फर्ननी, झाकलेल्या.

हे कडे अखंड कातळाचे नाहीत. फार पूर्वी वाहत्या पाण्यानं आणून टाकलेली वाळू, गोटे आणि माती यांचे ते थर आहेत. म्हणूनच एवढासा ओढा त्यांना सरळ कापत गेला. थरांमधून पाणी बारा महिने झिरपत राहतं आणि त्या ओलीवर नेचे पोसतात. याच गाळात सोन्याचे बारीक कण सापडले आणि १८५० च्या दशकात सोनं धुणारे इथे आले. गोल्ड ब्लफ्स हे नाव त्यांचंच. सोनं काही फार हाताला लागलं नाही, नाव मात्र टिकलं.

१. नकाशात बरोबर जागा टाका

हा मुद्दा हास्यास्पद वाटेल, पण माझी एक मैत्रीण यात फसली आहे. मेंडोसिनोजवळच्या व्हॅन डॅम स्टेट पार्कमध्येही 'फर्न कॅन्यन ट्रेल' आहे. तोही ओढ्याकाठचा, तोही नेच्यांचा, तोही समुद्राजवळचा. छान आहे, पण तुम्हाला हवा तो नाही, आणि तिथून इथवर यायला साधारण चार तास लागतात. शोधताना 'प्रेअरी क्रीक' आणि 'डेव्हिसन रोड' (घळीकडे जाणारा रस्ता) हे दोन शब्द दिसले पाहिजेत. ते दिसत नसतील तर निघू नका.

आणखी एक. ऑरिक सोडलं की फोनला रेंज नाही असंच धरून चाला. नकाशा आदल्या रात्रीच उतरवून ठेवा. वाटेत गाडीतला आवाज बंद पडला आणि मग "आता कुठे वळायचं?" यावर नवरा-बायकोत जो संवाद होतो तो टाळता येतो.

२. महिना ठरवा

लोक इथे 'उन्हाळ्यात गरम होईल का' असं विचारतात. नाही होणार. हा किनारा वर्षभर थंडच असतो. उन्हाळ्यातही सकाळी दाट धुकं असतं आणि दुपारी स्वेटर काढावासा वाटला तर नशीब समजा. फरक आहे तो पाण्याचा.

मे मध्यापासून सप्टेंबर मध्यापर्यंत ओढा घोट्याएवढा असतो. उद्यानाचे लोक त्यावर फळ्यांचे छोटे साकव टाकतात, त्यामुळे बेतानं चाललात तर पाय जवळजवळ कोरडे राहतात. पण गर्दी याच दिवसांत आणि परमिटची भानगडही याच दिवसांत.

ऑक्टोबर ते एप्रिल हा इथला पावसाळा. साकव काढून घेतलेले असतात, ओढ्यातूनच चालावं लागतं, झाडं पडून वाट अडते, आणि पाऊस जोराचा झाला तर डेव्हिसन रोडही बंद होऊ शकतो. याच्या बदल्यात घळ जवळजवळ तुमच्या एकट्याची असते. मला स्वतःला एप्रिलचा शेवट सगळ्यात आवडला. पाणी पोटरीपर्यंत होतं, पण वर पानं नवी कोरी आणि अख्ख्या घळीत आम्ही धरून सहा माणसं. पहिल्यांदा जाणाऱ्याला, विशेषतः मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर, मी जून किंवा सप्टेंबरचा पहिला आठवडाच सांगेन.

नुकताच मुसळधार पाऊस झाला असेल तर आत जाऊ नका. ओढा फुगतो हे तर आहेच, पण भिंती मातीच्या आहेत. भिजल्या की वरून गोटे आणि फांद्या सुटतात.

३. परमिट आधी, हॉटेल नंतर

१५ मे ते १५ सप्टेंबर या काळात गाडीनं गोल्ड ब्लफ्स बीच आणि फर्न कॅन्यनला जायचं तर आगाऊ परमिट लागतं. तारखा यापूर्वी बदललेल्या आहेत, म्हणून तुमच्या वर्षाच्या तारखा उद्यानाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. परमिट रेडवुड पार्क्स कॉन्झर्व्हन्सी या संस्थेच्या संकेतस्थळावर मिळतं.

इथले नेहमीचे घोटाळे असे:

परमिट गाडीमागे असतं, माणसांमागे नाही. दोन कुटुंबं दोन गाड्यांनी निघणार असाल तर दोन परमिटं लागतील. शक्य असेल तर एकाच गाडीत बसा, त्या रस्त्यावर तेच शहाणपणाचं आहे.

परमिट मिळालं म्हणजे प्रवेश फी भरली असं धरू नका. बुकिंग करताना नक्की कशाचे पैसे भरलेत ते नीट वाचा. मी शेवटची गेले तेव्हा दिवसाची फी गाडीमागे १२ डॉलर होती. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास तिथे चालतो, पण पास आणि परमिट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'आमच्याकडे पास आहे की' म्हणून परमिट न काढणारे माझ्यासारखेच परत फिरतात.

परमिट फोनमध्ये आहे आणि फोनला रेंज नाही, हा प्रसंग तिसरा. त्याचा फोटो काढून ठेवा, कागदावर छापलंत तर आणखी उत्तम.

उन्हाळ्यातले शनिवार-रविवार फार लवकर संपतात. म्हणून क्रम असा ठेवा: आधी परमिट, मग त्या तारखेला धरून हॉटेल, मग ऑफिसातली रजा. आम्ही उलटा क्रम लावला होता.

४. गाडीनं जायचं की पायी?

बहुतेकांना माहीत नसलेली वाट ही. पायी येणाऱ्याला परमिट लागत नाही. प्रेअरी क्रीकच्या व्हिजिटर सेंटरपासून जेम्स अर्विन ट्रेल निघतो आणि जुन्या रेडवुड वृक्षांच्या जंगलातून साडेचार मैलांच्या आसपास चालून घळीशी पोचतो. गेलात तसेच परत या, किंवा किनाऱ्याला उतरून मायनर्स रिज ट्रेलनं फिरून या. हा मोठा फेरा सुमारे १२ मैलांचा होतो, म्हणजे पूर्ण दिवस.

माझं मत विचाराल तर पाय धड असतील तर हाच रस्ता खरा. गाडीनं आलेला माणूस धुळीतून उतरतो आणि एकदम हिरव्या भिंतींपुढे उभा राहतो. छान वाटतं, पण तो चमत्कार होतो. चालत आलेल्याला आधी तीनशे फूट उंच झाडांखालचा अंधार भेटतो, मग ओढ्याचा आवाज, मग हळूहळू उतार, मग समुद्राचा वास. घळ त्याला शेवटी भेटते.

पण सकाळी नऊच्या आत निघा, आणि निघण्यापूर्वी सेंटरमध्ये रेंजरना विचारा. वाटेतला एखादा पूल नादुरुस्त असू शकतो, आणि चार मैल गेल्यावर ते कळण्यात मजा नाही. पाणी, खाणं आणि टॉर्च बरोबर हवाच. जंगलात संध्याकाळ घड्याळाच्या आधी होते.

५. पायात काय, पिशवीत काय

एप्रिलमध्ये मी जीन्स घालून गेले होते. ओली जीन्स अंगावर घेऊन थंड वाऱ्यात दोन तास काढलेत का कधी? काढू नका. लवकर वाळणारी पँट घाला आणि ती गुडघ्यापर्यंत दुमडता येईल अशी असू द्या.

बुटांबद्दल लोक फार गोंधळतात, म्हणून सरळ सांगते. नवे महाग ट्रेकिंगचे बूट घालून आलेली माणसं घळीत ओळखू येतात. ती प्रत्येक दगडावर पाय ठेवताना तोंड वाकडं करतात आणि बूट वाचवण्याच्या नादात घसरून बसतात. ज्याला पाय ओले करायचे नाहीत तोच इथे सगळ्यात जास्त भिजतो. जुने, तळवा खरबरीत असलेले पळायचे बूट आणि लोकरीचे मोजे हे सर्वात चांगलं. लोकर ओली झाली तरी ऊब सोडत नाही. रबरी गमबूट उन्हाळ्यात चालतात, पण वरून पाणी शिरलं की पायाला दोन बादल्या बांधल्यासारखं होतं. चपला, फ्लिप-फ्लॉप नकोतच. तळाचे गोटे गुळगुळीत आणि शेवाळलेले असतात, चपलेतून पाय सटकतो तो नेमका ओढ्याच्या मधोमध.

निघण्यापूर्वी हे एकदा पाहून घ्या:

- परमिट (छापलेलं किंवा फोटो), ओळखपत्र, पास असेल तर पासाचं कार्ड
- फीसाठी क्रेडिट कार्ड, आणि थोडी रोकड
- गाडीत कोरडे बूट, कोरडे मोजे, एक टॉवेल
- ओल्या बुटांसाठी जाड प्लास्टिकची पिशवी
- वारा अडवणारं जॅकेट, उन्हाळ्यातही
- एक काठी. बाबांनी आधी नाकारली, पहिल्या वळणानंतर मागून घेतली
- फोनसाठी पाणी न शिरणारं पाकीट
- प्यायचं पाणी घरूनच
- टाकीत पुरेसं पेट्रोल. दक्षिणेकडून येणार असाल तर युरेका किंवा अर्केटालाच भरून घ्या, ऑरिकच्या भरवशावर राहू नका

कुत्रा घरी ठेवा. या पायवाटांवर कुत्र्यांना परवानगी नाही. ड्रोनलाही नाही.

६. डेव्हिसन रोड

ऑरिकपासून १०१ महामार्गानं उत्तरेला तीनेक मैल गेलात की डावीकडे डेव्हिसन रोड फुटतो. सुरुवातीलाच एल्क मेडो नावाचं कुरण लागतं. पुढे डांबर संपतं, रस्ता अरुंद होतो, चढतो, वळतो आणि मग किनाऱ्याकडे उतरतो. २४ फुटांपेक्षा लांब गाड्यांना आणि कोणत्याही ट्रेलरला इथे बंदी आहे.

फोर-व्हील ड्राइव्हच लागते असं नाही, उन्हाळ्यात साध्या गाड्या जातात. पण वेग १५ मैलांच्या वर नेऊ नका. समोरून गाडी आली की ज्याला जागा आहे त्यानं थांबायचं, आणि धुळीत कोणाच्या शेपटीला लागायचं नाही. किनाऱ्याला समांतर रस्ता लागला की पुढे एक-दोन ठिकाणी ओढा रस्त्यावरूनच वाहतो. पाणी किती आहे ते थांबून पाहा. तळ दिसत नसेल तर गाडी घालू नका, अलीकडेच कुठे नीट लावता आली तर लावा आणि पुढे चालत जा.

गाडी भाड्याची असेल तर करारात कच्च्या रस्त्याबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा. बऱ्याच कंपन्यांच्या करारात डांबर सुटलं की विमा सुटतो.

७. एल्क दिसले की

दिसतीलच. कधी कुरणात, कधी वाळूवर, कधी पार्किंगच्या मधोमध. रूझवेल्ट एल्क हे मोठं हरीण, मोठा नर चारशे किलोच्याही वर जातो. ते शांतपणे चरत असतात म्हणून माणसाळलेत असं वाटतं, आणि तिथेच लोक फसतात. किमान ७५ फूट अंतर ठेवा, जास्त ठेवलंत तर चांगलंच. मे-जूनमध्ये माद्यांजवळ पिल्लं असतात आणि ऑगस्ट अखेरपासून ऑक्टोबरपर्यंत नर माजावर असतात, या दोन्ही काळात आणखी लांब राहा. एल्कनं मान वर करून तुमच्याकडे टक लावली, तर तुम्ही आधीच जास्त जवळ गेलेले असता.

वाटेवर कळप बसला असेल तर थांबायचं, नाहीतर वळसा घालायचा. आम्ही एकदा पंचवीस मिनिटं थांबलो. लेकाच्या मते ट्रिपमधला सर्वात भारी भाग तोच.

८. घळीच्या आत

पार्किंगमधून उत्तरेकडे पाव मैल सपाट वाट. शौचालय इथेच उरकून घ्या, पुढे नाही. मग उजवीकडे कड्यात एक फट दिसते आणि तिच्यातून ओढा बाहेर येताना दिसतो. आत वळलात की आवाज बदलतो. समुद्राची गाज मागे राहते आणि नुसतं पाण्याचं झुळझुळणं उरतं.

इथे आखलेली वाट अशी नाही. ओढ्याच्या पात्रातल्या गोट्यांवरून, कधी या काठानं, कधी त्या काठानं, वर वर जायचं. पाण्याची उलटी दिशा हीच तुमची दिशा. चुकायला जागाच नाही.

आडव्या पडलेल्या झाडांशी जपून वागा. खोड दिसलं की त्याच्यावर पाय ठेवून चढावंसं वाटतं. साल सुटलेलं ओलं लाकूड म्हणजे साबण. पाय ओलांडून टाका, किंवा खालून वाका, नाहीतर बसून सरकत पलीकडे जा. आईनं सरळ बसून सरकायचं ठरवलं आणि आमच्या सगळ्यांत फक्त तीच न घसरता बाहेर आली.

आता भिंतींकडे बघा. लांबून सगळं सारखंच हिरवं वाटतं, पण जवळ गेलात की चार-पाच जाती सहज वेगळ्या होतात. काळ्याभोर, तारेसारख्या बारीक देठावर हाताच्या बोटांसारखी पसरलेली नाजूक पानं दिसली की तो फाइव्ह-फिंगर फर्न. आपल्या हंसराजाच्याच कुळातला हा. घळीला तिचा तो झुलता, मऊ पडदा यानंच दिलाय. लांब, ताठ, चामड्यासारखी पानं म्हणजे स्वोर्ड फर्न, तो जास्त करून वरच्या बाजूला आणि जंगलात. पिसासारखा, फिकट हिरवा, ओलाव्याशेजारी वाढणारा तो लेडी फर्न. मध्ये मध्ये शेवाळाचे जाड गालिचे, आणि त्यांच्या टोकांवरून थेंब थेंब पाणी. एका जागी पाच मिनिटं उभे राहा. पुढचे लोक जातील, मागचे यायचे असतील, तेवढ्या फटीत ही टपटप ऐकू येते.

भिंतीला हात लावू नका, टेकूही नका. खाली मऊ माती आहे, एक मूठ ओढली तर मुळांसकट फूटभर गालिचा खाली येतो. फोटोसाठी भिंतीत चढणारे महाभाग मी पाहिलेत. त्यांच्या पायाखालची जागा पुढच्या वर्षीही उघडीच होती.

पाण्यातही डोकवा. ओढ्याच्या कडेला दगडाखाली मोठा सॅलमँडर (पालीसारखा दिसणारा उभयचर प्राणी) असू शकतो. उचलू नका, दगडही उलटे करू नका. मुलांना बांध घालायचा मोह होतो, पण याच गोट्यांखाली बेडकांची आणि सॅलमँडरची पिलावळ असते. दगडावर बसून सतत उठाबशा काढणारा करडा, गुबगुबीत पक्षी दिसला तर तो डिपर. बघता बघता तो पाण्याखाली डुबकी मारतो आणि तळाशी चक्क चालतो. ओल्या पानांवर केळ्यासारखी पिवळी गोगलगाय दिसेल, शंखाशिवायची. तिचं नावही बनाना स्लगच आहे.

फोटोंबद्दल एकच: ढगाळ दिवस मिळाला तर कुरकुरू नका. ऊन पडलं की घळीत अर्धं पांढरं आणि अर्धं काळं दिसतं. हिरव्याच्या सगळ्या छटा ढगाळ उजेडातच येतात.

९. वरच्या वाटेनं परत

घळीतून साधारण अर्धा मैल वर गेलात की डाव्या हाताला पायऱ्या दिसतात. बरेच जण त्या चुकवतात आणि आल्या वाटेनं परत फिरतात. पायऱ्या चढा. वर सिट्का स्प्रूस आणि रेडवुडचं जंगल आहे, वाट कोरडी आहे, आणि आत्ता ज्या घळीत होतात ती वरून कशी दिसते हेही कळतं. कड्याच्या टोकाशी जाऊ नका, कडा मातीचा आहे हे लक्षात असू द्या. ही वाट पुन्हा घळीच्या तोंडाशी उतरते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी मात्र पायऱ्या सोडून ओढ्यानंच परत यावं, आई तशीच आली.

खाण्याचं एक: जंगलात बसून काही खाल्लंत तर चुरासुद्धा मागे ठेवू नका. चुऱ्यावर स्टेलर्स जे नावाचे निळे पक्षी जमतात, त्यांची संख्या वाढते, आणि मग ते मार्बल्ड मरलेट या दुर्मीळ समुद्रपक्ष्याची अंडी खातात. मरलेट राहतो समुद्रावर, पण अंडं घालतो ते या जुन्या उंच झाडांच्या फांद्यांवर. चिवड्याचं पाकीट गाडीतच उघडा.

१०. समुद्रावर जाताना

परत येताना गोल्ड ब्लफ्सवर थांबालच. पाण्यात उतरू नका. पाणी बर्फासारखं आहे, आणि अर्धा तास शांत असलेल्या समुद्रातून अचानक एखादी लाट फार आतपर्यंत येते. ती पाय उचलते आणि ओंडकेही हलवते. समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं नाही आणि पाण्याजवळच्या ओंडक्यांवर बसायचं नाही, एवढं मुलांना गाडीतच सांगून ठेवा.

परमिट मिळालंच नाही तर

आमच्यासारखं तोंड पाडून बसू नका. डेव्हिसन रोडच्या सुरुवातीला, एल्क मेडोपाशी, ट्रिलियम फॉल्सचा ट्रेल आहे. अडीच-तीन मैलांचा फेरा, मोठाले रेडवुड, एक छोटा धबधबा, आणि परमिट नाही. किंवा १०१ सोडून न्यूटन बी. ड्रुरी सीनिक पार्कवेनं जा. हा दहा मैलांचा रस्ता जुन्या जंगलाच्या मधून जातो, जागोजागी थांबता येतं. त्या पहिल्या शनिवारी आम्ही दिवसभर तिथेच होतो, आणि घरी येऊन कोणाला सांगितलं नसतं तर घळ राहिली हे कळलंही नसतं.

गाडीत बसण्यापूर्वी सगळ्यांचे बूट उपडे करा आणि मुलांचे खिसेही तपासा. आमच्या लेकाच्या खिशातून चार सुंदर गोल गोटे निघाले. उद्यानातून काहीही उचलून न्यायला मनाई आहे, तेव्हा कोणीतरी पाव मैल परत जाऊन ते ओढ्यात ठेवणं आलं. बाबा लगेच तयार झाले. नातवाचा हात धरून, काठी टेकत निघालेसुद्धा. नंतर कळलं, त्यांना एल्क पुन्हा एकदा बघायचे होते.